दोन कान, मग स्पीकर किती?

स्टिरिओला दोन स्पीकर का असतात, असे वर्गात विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: माणसाला दोन कान असतात म्हणून. उत्तर सुटसुटीत आहे, लक्षात राहते आणि विचारणाऱ्याचे समाधानही होते. पण थोडे थांबून पाहू या. डावा स्पीकर काही फक्त डाव्या कानाशी बोलत नाही. खोलीत समोर दोन स्पीकर ठेवले की दोघांचाही आवाज दोन्ही कानांत जातो. शिवाय पाठीमागून सायकलची घंटी वाजते, डोक्यावरच्या फांदीवर कावळा ओरडतो, बाजूच्या घरात कुकरची शिट्टी होते. या सगळ्या दिशा आपण दोनच कानांनी ओळखतो. म्हणजे कान दोन असले तरी ते ऐकतात चहूबाजूंचे. मग चहूबाजूंचे ऐकणाऱ्या माणसाने घरी संगीत मात्र समोरच्या दोन खोक्यांतूनच का ऐकावे?

याचे उत्तर शरीरशास्त्रात नाही, इतिहासात आहे.

टेलिफोनवरचा ऑपेरा

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्याने तिथल्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे मायक्रोफोन ओळीने बसवले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तिथे आलेल्या प्रत्येक श्रोत्याला दोन रिसीव्हर मिळत, दोन कानांसाठी दोन. एक मंचाच्या डावीकडच्या मायक्रोफोनला जोडलेला, दुसरा उजवीकडच्या. गायक मंचावर चालू लागला की ऐकणाऱ्यालाही त्याचा आवाज सरकल्यासारखा वाटे. पुढे १८९० पासून 'थिएटरोफोन' नावाची सेवा पॅरिसमध्ये सुरू झाली. वर्गणी भरली की घरबसल्या नाटक आणि ऑपेरा टेलिफोनवर ऐकता येई. ती १९३२ पर्यंत चालली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त तिचे एक वर्गणीदार होते.

आदेरच्या प्रयोगाला 'दोन कान म्हणून दोन मार्ग' हे स्पष्टीकरण अगदी बरोबर लागू पडते, कारण प्रत्येक कानाला स्वतंत्र रिसीव्हर होता. आपण हेडफोन लावतो तेव्हाही ते लागू पडते. स्पीकरची गोष्ट निराळी आहे.

कानाला दिशा कळते कशी, याचा पाया लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये घातला. आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानापर्यंत पोचायला त्याला डोक्याला वळसा घालून सुमारे २२ सेंमी जास्त जावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर हा फरक होतो ०.६५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका. खालच्या सुरांची दिशा मेंदू एवढ्याशा फरकावरून ठरवतो. वरच्या सुरांची तरंगलांबी लहान असते. त्यांच्या वाटेत डोके आडवे येते आणि पलीकडच्या कानावर 'सावली' पडते. तिथे तीव्रतेतला फरक उपयोगी पडतो.

पडद्यामागचे तीन स्पीकर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी या विषयाकडे अगदी वेगळ्या बाजूने पाहत होते. त्यांची कल्पना अशी: वाद्यवृंदासमोर असंख्य मायक्रोफोनचा एक पडदा टांगला आहे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या सभागृहात तेवढ्याच स्पीकरचा तसाच पडदा आहे. प्रत्येक मायक्रोफोन आपल्या जोडीच्या स्पीकरला जोडलेला. मग ध्वनिलहरी एका पडद्यात शिरून दुसऱ्यातून जशाच्या तशा बाहेर पडतील. प्रत्यक्षात असंख्य तारा शक्य नाहीत, म्हणून त्यांनी प्रश्न केला, कमीत कमी किती पुरतील?

२७ एप्रिल १९३३ रोजी याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आपल्या गावीच वाजवत होता आणि श्रोते बसले होते सुमारे दोनशे किलोमीटर दूर, वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. वाद्यवृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या संध्याकाळी वादकांपुढे नव्हतेच. ती जबाबदारी अलेक्झांडर स्मॉलन्स यांच्यावर सोपवून ते वॉशिंग्टनला, आवाज कमीजास्त करण्याच्या कळांपाशी बसले होते. पडद्यामागे स्पीकर होते तीन: डावा, मधला आणि उजवा. टेलिफोनच्या तीन स्वतंत्र वाहिन्यांनी ते तीन मायक्रोफोनना जोडले होते.

दोन का नाहीत? कारण दोन वाहिन्या वापरल्या की मंचाच्या मध्यभागी उभा असलेला माणूस मागे गेल्यासारखा वाटे. शिवाय मध्यावरचा आवाज ही दोन स्पीकरनी मिळून तयार केलेली आभासी प्रतिमा असते. ती सरळ मधोमध बसलेल्यालाच मिळते. जो बाजूला बसला, त्याला सगळे जवळच्या स्पीकरमधूनच येतेसे वाटते. तिसरा स्पीकर ठेवला की हे दोन्ही दोष बरेच कमी होतात. तेव्हा बेल प्रयोगशाळेने निवडलेला आकडा कान मोजून आलेला नव्हता. तो मंचाच्या रुंदीवरून आणि श्रोत्यांच्या रांगांवरून आला होता.

मग घरोघरी दोन स्पीकर पोचले कसे? त्यासाठी इंग्लंडला जावे लागेल. ॲलन ब्लुमलाइन हा ईएमआय कंपनीतला तरुण अभियंता. होणाऱ्या बायकोबरोबर चित्रपट पाहताना, पडद्यावर नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले, असे सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्या एका अर्जात पुढच्या पन्नास वर्षांचे साहित्य आहे! त्यातली आपल्या कामाची कल्पना रेकॉर्डच्या खाचेची. साध्या रेकॉर्डवर सुई खाचेतून जाताना डावी-उजवी हलते. ब्लुमलाइनने म्हटले, खाच इंग्रजी 'व्ही'सारखी आहे, तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात आहेत. एका भिंतीवर एक वाहिनी कोरा, दुसरीवर दुसरी. काटकोनातल्या दोन हालचाली एकमेकींत मिसळत नाहीत, हे सदिशांचे गणित शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

१९३४ मध्ये त्याने थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे अशा पद्धतीने ध्वनिमुद्रणही केले. पण कंपनीला त्यात धंदा दिसला नाही. ब्लुमलाइन दूरचित्रवाणीकडे आणि मग रडारकडे वळला. ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो मरण पावला. वय अवघे ३८. स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या त्या १९५७ च्या अखेरीस, आणि १९५८ मध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांनी त्या काढल्या. खाच ब्लुमलाइनने सांगितली तशीच होती.

खाचेला भिंती दोनच, म्हणून वाहिन्या दोन. तिसऱ्या वाहिनीला कोरायला जागाच नव्हती.

यातली हळहळ लावणारी गोष्ट अशी की ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना तिसरी वाहिनी हवीच होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आरसीए आणि मर्क्युरी या अमेरिकी कंपन्या मोठमोठे वाद्यवृंद तीन पट्ट्यांच्या टेपवर नोंदवत. रेकॉर्ड काढताना मधली पट्टी डाव्या-उजव्यात वाटून टाकली जाई. त्यांतली काही ध्वनिमुद्रणे तीन वाहिन्यांत घरी ऐकता आली ती २००४ साली, नव्या प्रकारच्या तबकड्यांवर. तोवर ती जवळजवळ पन्नास वर्षे कपाटात होती आणि वाजवणाऱ्यांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.

वाजवणारे समोर, सभागृह भोवती

इथे वाचक विचारतील, तिसरा स्पीकर समोर असावा हे ठीक. पण पाठीमागे स्पीकर कशाला? गवई काही आपल्या मागे बसून गात नाही. आक्षेप योग्य आहे. पण घरगुती मैफल आठवून पाहा. गाणारा समोर, मात्र 'क्या बात है' येते ती बाजूने आणि मागून. आणि दादेपेक्षाही महत्त्वाचा आहे तो त्या जागेचा स्वतःचा आवाज. भिंती, छत आणि जमीन यांवरून परतलेला ध्वनी आपल्यापर्यंत चहूबाजूंनी येतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण नसला की गाणे कोरडे वाटते.

सभागृहांच्या अभ्यासात हे हळूहळू उमगले. १९६७ मध्ये हॅरॉल्ड मार्शल यांनी आणि १९७१ मध्ये मायकेल बॅरन यांनी दाखवले की बाजूच्या भिंतींवरून लवकर परतणाऱ्या ध्वनीमुळे श्रोत्याला आपण संगीताने वेढलो आहोत असे वाटते. छतावरून आलेल्या ध्वनीने हे साधत नाही. व्हिएन्नाचे १८७० सालचे मुसिकफेराइन सभागृह जगातल्या उत्तम सभागृहांत गणले जाते. ते लांबट आणि सुमारे १९ मीटर रुंद आहे. ही रुंदीच कामाची आहे.

एक हिशेब करू. या सभागृहात वादक आणि श्रोता दोघेही मधल्या रेषेवर, २० मीटर अंतरावर आहेत असे धरा. सरळ ध्वनी २० मीटर जातो. भिंतीवरून येणाऱ्याची वाट पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे २७.६ मीटर येते. फरक ७.६ मीटर, म्हणजे २२ मिलिसेकंद. आता आपली तीन मीटर रुंद खोली घ्या, स्पीकर अडीच मीटरवर. भिंतीवरून येणारी वाट ३.९ मीटर, फरक १.४ मीटर, म्हणजे चार मिलिसेकंद. घरातल्या भिंती घाई करतात. त्यांचा प्रतिध्वनी मोठ्या सभागृहाची जाणीव देऊच शकत नाही. ती हवी असेल तर वीस-तीस मिलिसेकंद उशिराचा ध्वनी बाजूने किंवा मागून मुद्दाम सोडावा लागेल. मागच्या स्पीकरचे खरे काम हे.

अमेरिकेत डेव्हिड हॅफलर यांनी १९७० च्या सुमारास यासाठी फार स्वस्त युक्ती सुचवली. ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांच्या मध्ये मागचा स्पीकर जोडायचा. त्याला मिळते डावे वजा उजवे. गायक मध्यभागी असेल तर त्याचा आवाज दोन्हींत सारखा असतो, वजाबाकीत तो जातो. सभागृहाचा घुमारा दोन्हींत वेगवेगळा असतो, तो उरतो. वजाबाकीतून सभागृह! मात्र आजच्या अनेक ॲम्प्लिफायरच्या ऋण टोकांची जोडणी वेगळी असते आणि या युक्तीने ते जळू शकतात, म्हणून शाळेच्या संचावर हा प्रयोग करू नये.

चार स्पीकरचा फसलेला डाव

१९६९ ते १९७७ या काळात कंपन्यांनी घरात चार स्पीकर आणण्याचा जोरदार प्रयत्न केला. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, म्हणून नाव 'क्वाड्राफोनिक'. पण रेकॉर्डच्या खाचेला भिंती अजून दोनच होत्या. सीबीएस कंपनीची 'एसक्यू' आणि सान्सुईची 'क्यूएस' या पद्धतींत चार वाहिन्या गणिताने मिसळून दोन केल्या जात आणि घरी पुन्हा त्यांच्या चार करायच्या असत. बीजगणित शिकवणारे लगेच हसतील: समीकरणे दोन आणि अज्ञात राशी चार. मूळ चार वाहिन्या सुट्या होऊन परत मिळणे शक्यच नाही. साध्या संचावर शेजारच्या काही वाहिन्यांत फक्त ३ डेसिबेलचा फरक उरे. म्हणजे एका स्पीकरचा आवाज शेजारच्या स्पीकरमधून निम्म्या शक्तीने येतच राही. जेव्हीसीच्या 'सीडी-४' पद्धतीने वेगळा मार्ग काढला. मागच्या-पुढच्या वाहिन्यांचा फरक ३० हजार हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरीवर स्वार करून त्याच भिंतींवर कोरला. हे खरोखर चार वाहिन्यांचे होते, पण त्यासाठी खास घडणीची सुई लागे आणि जरा धूळ बसली की खरखर सुरू. तिन्ही पद्धती एकमेकींशी न जुळणाऱ्या. गिऱ्हाईक कंटाळले. दुकानदार त्याआधीच कंटाळले होते.

इतिहास लिहिणारे बहुतेक जण या अपयशाचे खापर कंपन्यांच्या भांडणावर फोडतात. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. भांडण नसते तरी चौकोन चुकीचाच होता. समोरचे दोन स्पीकर श्रोत्याशी ६० अंशांचा कोन करतात तेव्हा मधली आभासी प्रतिमा नीट बसते. चौकोनात हा कोन ९० अंश होतो आणि मध्ये खड्डा पडतो. बाजूला तर आणखी अडचण. पुढचा आणि मागचा उजवा स्पीकर दोन्ही उजव्या कानाच्याच बाजूला असतात. दोन्ही कानांतल्या फरकावर उभी असलेली सगळी युक्ती तिथे लंगडी पडते. आवाज मध्ये थांबत नाही, पुढे किंवा मागे उडी मारतो. बीबीसीच्या संशोधकांनी १९७४ मध्ये मोजमापे घेऊन हे दाखवले.

त्याच सुमारास ऑक्सफर्डचे तरुण गणिती मायकेल गर्झन आणि रेडिंग विद्यापीठाचे पीटर फेलगेट यांनी मुळातच वेगळा विचार मांडला. स्पीकर किती हा प्रश्न आधी विचारूच नका, एका बिंदूपाशी ध्वनी कसा आहे ते नोंदवा. त्यासाठी चार राशी पुरतात: हवेचा दाब आणि पुढे-मागे, डावे-उजवे, वर-खाली या तीन दिशांतला त्याचा बदल. मग घरी चार स्पीकर असोत वा आठ, प्रत्येकाला काय द्यायचे ते गणिताने काढता येते. पद्धतीचे नाव 'ॲम्बिसोनिक्स'. विचार देखणा होता. पण क्वाड्राफोनिकने हात पोळलेला बाजार ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. गर्झन १९९६ मध्ये, पन्नाशीच्या आसपास वारले. २०१६ मध्ये यूट्यूबने सर्व दिशांनी पाहता येणाऱ्या चित्रफितींसाठी हीच चार राशींची पद्धत स्वीकारली.

चित्रपटाच्या मागच्या दाराने

संगीताने गमावलेली बाजी चित्रपटाने जिंकली. सुरुवात जुनीच होती. १९४० च्या डिस्नेच्या 'फँटेशिया'त पडद्यामागे तीन वाहिन्या आणि प्रेक्षागृहाभोवतीही स्पीकर होते, आणि संगीताचे संचालक होते तेच स्टोकोव्स्की. यंत्रणा इतकी महाग की मोजक्याच चित्रपटगृहांत ती बसली. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हा नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली पाहत, अशी आठवण सांगितली जाते.

चित्रपटवाल्यांनी मधला स्पीकर कधीच सोडला नव्हता. पडद्यावरचे संवाद पडद्यातूनच यायला हवेत, मग प्रेक्षक कुठल्याही कोपऱ्यात बसो. व्हिडिओ कॅसेट घरी आली तेव्हा डॉल्बी कंपनीने १९८२ मध्ये घरगुती 'सराउंड' पद्धत आणली. तिच्या मुळाशी ती जुनी डावे-वजा-उजवे हीच कल्पना होती. फक्त मागचा आवाज सुमारे २० मिलिसेकंद उशिरा सोडला जाई. कारण? हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले होते की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान आधी आलेल्याची दिशा मानतो. त्यामुळे मागून काही संवाद झिरपले तरी ते समोरूनच आल्यासारखे वाटतात. १९८७ च्या सुधारित घरगुती पद्धतीत मधला स्पीकरही आला. आणि १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली तेव्हा खाचेची अट संपली होती. आकड्यांच्या स्वरूपात कितीही वाहिन्या मावतात. तिच्याबरोबर '५.१' घरात आले: पुढे तीन, मागे दोन, आणि '.१' म्हणजे फक्त खर्जासाठीची अपुरी वाहिनी. तो खर्जाचा खोका कुठल्याही कोपऱ्यात ठेवला तरी बहुधा चालते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर असते, एवढ्या लांब लहरीसाठी आपले डोके म्हणजे काहीच नाही.

अशा रीतीने १९३३ चा मधला स्पीकर घरी पोचला, तो गाण्यासाठी नव्हे, संवादांसाठी. या पाच स्पीकरच्या जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९२ मध्ये ठरवून दिल्या: मधला समोर, डावा-उजवा ३० अंशांवर, मागचे दोन ११० अंशांच्या आसपास. चौकोन नव्हे! मागचे स्पीकर कोपऱ्यात नाहीत, जवळजवळ बाजूला आहेत. बाजूच्या भिंतींचा ध्वनी जिथून यायचा साधारण तिथेच. आपल्या घरांत मात्र हे दोन खोके जिथे खिळा आधीपासून आहे तिथे, नाहीतर कपाटावर बाहुलीशेजारी बसतात. मग गाणे ऐकताना ते बंद केलेलेच बरे असे घरच्यांना वाटले तर नवल नाही.

केवळ संगीतासाठी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आल्या. पुन्हा दोन पद्धती, पुन्हा भांडण. तेवढ्यात लोकांनी खिशातल्या यंत्राला हेडफोन जोडून ऐकायला सुरुवात केली होती, म्हणजे ते आदेरच्या दोन रिसीव्हरपाशी परत आले होते. २०२१ पासून ॲपलच्या सेवेवर बहुवाहिनी संगीत मिळू लागले, तेही बहुतेक जण हेडफोनवरच ऐकतात. त्यात एक अडचण आहे. मान वळवली की संपूर्ण वाद्यवृंद आपल्याबरोबर वळतो. म्हणून काही हेडफोनमध्ये मानेची हालचाल मोजून आवाज उलट दिशेने सरकवण्याची सोय असते. मान वळवणे दिशा ओळखण्यासाठी किती महत्त्वाचे आहे, हे हान्स वालाख यांनी १९४० मध्येच दाखवले होते.

वर्गात हे पाहायला काहीच लागत नाही. मैदानात एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला खुर्चीवर बसवा. भोवती तीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ चुन्याने आखून दर ३० अंशांवर एक, असे बारा विद्यार्थी उभे करा. खुणेने एकेकाला टाळी वाजवायला सांगा. मधल्याने मान न हलवता बोट दाखवायचे, आणि कोणी तरी चूक किती अंशांची झाली ते वहीत लिहायचे. समोर चूक थोडी येईल, बाजूला जास्त. बरोबर पुढच्या आणि बरोबर मागच्या टाळीत दोन्ही कानांना ध्वनी एकाच वेळी मिळतो, त्यामुळे काही जण मागची टाळी पुढे दाखवतील. टाळीऐवजी बासरीचा एकच लांब सूर वापरला तर हा गोंधळ आणखी वाढेल. तो सूर चालू असताना मान थोडी फिरवू द्या आणि पुन्हा बोट दाखवायला सांगा.